वाढणारा गेला, मोजणारा आला: लग्नातल्या बुफेची गोष्ट

वाशिमकडच्या लग्नात तुम्ही अलीकडे जेवला असाल, तर बुफेच्या रांगेच्या सुरुवातीला ताटांच्या चळतीजवळ उभा असलेला माणूस आठवून पाहा. तो काहीही वाढत नाही. तो ताटं मोजतो. केटररचे पैसे ताटावर ठरतात, त्यामुळे रात्री हिशेबाला बसल्यावर त्याचा आकडा फार महत्त्वाचा असतो. वऱ्हाडातलं सार्वजनिक जेवण हा माझ्या पीएच.डी.चा विषय, आणि सध्याचं प्रकरण नेमकं या माणसावर येऊन थांबलंय. वाढणारा जाऊन मोजणारा कधी आला? आणि त्यामुळे काय बदललं?

बुफे आपल्याकडे आला तो मोठ्या शहरांतल्या हॉटेलांकडून. आणि 'एकदा पैसे भरा, हवं तेवढं खा' हे त्याचं रूप गाजवलं ते जुगाराच्या शहराने, म्हणून आधी तिकडे एक चक्कर मारू. लास वेगासमध्ये एल रांचो वेगास नावाचं हॉटेल १९४१ साली उघडलं. त्याच दशकात तिथे मध्यरात्रीचा बुफे सुरू झाला. एका डॉलरमध्ये पोटभर. हिशेब सरळ होता. रात्री भूक लागली की खेळणारा उठतो, बाहेर जातो आणि परत येईलच असं नाही. मग जेवणच आत आणून ठेवायचं, तेही इतकं स्वस्त की बाहेर जाणं वेडेपणा वाटावा. जेवणातला तोटा पत्त्यांच्या टेबलावर भरून निघायचा. एल रांचो १९६० मध्ये जळून गेलं, पण तोवर ही युक्ती शहरभर पसरली होती. (जपानची गंमत वेगळीच. टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलने १९५८ मध्ये असं जेवण सुरू केलं आणि त्याला 'व्हायकिंग' नाव दिलं. आजही तिथे बुफेला हाच शब्द आहे.)

आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे पणजी. गोव्याने १९९२ मध्ये कायदा बदलून पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना वाट करून दिली आणि १९९६ मध्ये जहाजांवरच्या कसिनोला. मांडवीतल्या या बोटींवर प्रवेशाच्या तिकिटातच बहुधा बुफेचं जेवण धरलेलं असतं. आपल्याकडची पोरं गोव्याहून आली की 'जेवण फुकट होतं' असं कौतुकाने सांगतात ते यामुळेच! महाराष्ट्रानेही १९७६ साली कसिनोचा कायदा केला होता. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच झाला. गोव्यात २०२० पासून खुद्द गोवेकरांना कसिनोत जायला बंदी आहे. म्हणजे तिथला बुफे मुख्यतः तुमच्या-आमच्यासारख्या बाहेरच्यांसाठीच मांडलेला असतो.

आता वाशिमला परत येऊ. लग्नाच्या मांडवात जुगाराचं टेबल नाही, तोटा भरून काढायला काही नाही. मग इथे बुफे का रुजला?

त्यासाठी पंगत नीट बघायला हवी. पळसाच्या पानांची पत्रावळ, द्रोण, वांग्याची भाजी, वरण-भात, पोळी, बुंदी. वाढायला भावकीतली आणि मित्रमंडळींतली पोरं. पंगतीत सगळी सत्ता वाढणाऱ्याच्या हातात असते. बुंदी कुणाला दोनदा, कुणाला चिमूटभर; व्याह्यांना आग्रह करून करून, आणि टोकाला बसलेल्याकडे बादली पोचेपर्यंत रस्सा संपलेला. आधी पुरुषांच्या पंगती उठणार, बायका शेवटी, उरलंसुरलं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे कोणी कुणाच्या शेजारी बसायचं, आणि कोणी बसायचंच नाही, हे आधीच ठरलेलं. जातीची रेघ मांडवात जितकी स्पष्ट दिसायची तितकी दुसरीकडे क्वचितच दिसली असेल. पंगतीच्या आठवणीने हळवं होणाऱ्यांनी ही रेघ विसरू नये, असं मला वाटतं.

ही रेघ पुसायला महाराष्ट्रात माणसांनी केवढी किंमत मोजली. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आली. पुढे समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकर सत्यनारायण घातले, पूजेला दलित जोडपी बसवली. सहभोजन हा तेव्हा कार्यक्रम असायचा, त्याची बातमी व्हायची, त्यावर भांडणं व्हायची.

बुफेने असला काही गाजावाजा केला नाही. पण एक गोष्ट बघा. वाढपी पदार्थ वरून सोडतो, त्याचा डाव पानाला लागत नाही. बुफेत तुम्ही अर्धं खाल्लेलं ताट घेऊन परत त्याच भांड्याकडे जाता. ज्याने हाताने खाल्लंय तो, ज्याला आपण ओळखत नाही तो, सगळे एकच डाव धरतात. उष्ट्या-खरकट्याचा एवढा कडक विचार करणाऱ्या समाजाने हे कसं चालवून घेतलं? घरात आजही न चालणारी गोष्ट मांडवात चालते, आणि त्यावर कुणी सभा घेतलेली नाही. म्हातारी माणसं 'बफे कसला, बफेलो' म्हणून कुरकुरली, तीही उभ्याने खावं लागतं म्हणून. बायका आता पुरुषांबरोबरच जेवतात. हे सुधारणेच्या भाषणातून आलं नाही, सोयीतून आलं, म्हणून मी त्याला कमी लेखणार नाही. अर्थात जात गेली असं कुणी समजू नये. जेवायला बोलावतानाच यादी गाळली जाते, आणि आचारी कोण हेही विचारलं जातं.

सोय कसली, हे आचाऱ्यांशी आणि केटररशी बोलताना कळतं. वाढायला पोरं राहिली नाहीत. शिकली, पुण्याला गेली, नोकरीला लागली. लग्नाला येतात तीही पाहुण्यांसारखी. चार-पाच पंगती उठवायच्या तर खरकटं काढणारे, पाणी देणारे, वाढणारे असे कितीतरी हात लागतात. ते भाड्याने आणण्यापेक्षा टेबल मांडणं परवडतं. वेगासला बुफे लागला तो गिऱ्हाईक उठू नये म्हणून. आपल्याला लागला तो पाहुणा लवकर उठावा म्हणून.

जिथे हात आहेत तिथे पंगत अजून जिवंत आहे. आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीच्या उत्सवाला लाखाच्या घरात माणसं शेतात रांगा धरून बसतात आणि पुरी व वांग्याची भाजी ट्रॅक्टरमधून येते. वाढायला हजारो स्वयंसेवक. तिथे शेजारी कोण बसलंय हे कुणी ठरवत नाही. म्हणजे बसून जेवण्यात दोष नव्हता. दोष बसवणाऱ्यात होता.

माझी अडचण तारखेची आहे. वाशिम जिल्हा झाला १९९८ मध्ये, त्याआधी हा सगळा अकोला जिल्हा, आणि लग्नाच्या जेवणाची नोंद कुठल्याच सरकारी कागदात नसते. ती असते घरच्या खर्चाच्या वहीत. रिसोड, मालेगाव, मानोरा, कारंजा, मंगरुळपीर, कुठलीही असो, तुमच्या घरात आजोबांची किंवा काकांची अशी वही असेल तर लग्नाचं पान काढून बघा. पत्रावळींचे पैसे कोणत्या सालापर्यंत दिसतात, आणि 'ताटं, इतकी' ही ओळ पहिल्यांदा कधी येते, तेवढं मला कळवा.