महाराष्ट्राच्या किनाऱ्यालगतची सागरी पवन ऊर्जा

महाराष्ट्राच्या किनाऱ्यालगतची सागरी पवन ऊर्जा म्हणजे डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या कोकण किनाऱ्यासमोर, अरबी समुद्रावरून वाहणाऱ्या वाऱ्यापासून मिळू शकणारी ऊर्जा होय. हा ऊर्जास्रोत वर्षभर सारखा नसतो. त्याचा मोठा भाग नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात एकवटलेला असल्यामुळे वाऱ्याच्या केवळ वार्षिक सरासरी वेगावरून त्याची उपयुक्तता ठरवता येत नाही.

पार्श्वभूमी

जगातील पहिले सागरी पवन विद्युत केंद्र १९९१ मध्ये डेन्मार्कमधील विंडेबी येथे सुरू झाले. त्यात ११ पवनचक्क्या होत्या. भारताने २०१५ मध्ये राष्ट्रीय सागरी पवन ऊर्जा धोरण जाहीर केले. या धोरणानुसार चेन्नई येथील राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था समन्वयाचे काम पाहते. २०१७ मध्ये खंबातच्या आखातात लेसर किरणांच्या साहाय्याने वारा मोजणारे 'लायडार' हे उपकरण बसविण्यात आले. जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने ७,४५३ कोटी रुपयांच्या अर्थसाहाय्य योजनेला मंजुरी दिली. तीत गुजरात व तमिळनाडू यांच्या किनाऱ्यांलगत प्रत्येकी ५०० मेगावॉटचे प्रकल्प अभिप्रेत आहेत.

ऋतुमानानुसार बदल

वाऱ्यातील ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा आठपट होते. त्यामुळे वेगातील ऋतुमानानुसार होणारा फरक ऊर्जेच्या बाबतीत कितीतरी मोठा ठरतो.

जून ते ऑगस्ट या काळात सोमालियाच्या किनाऱ्याजवळून निघणारा वेगवान वायुप्रवाह अरबी समुद्र ओलांडून भारताकडे येतो. ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ फिंडलेटर यांनी १९६९ मध्ये त्याचे वर्णन केल्यामुळे त्याला 'फिंडलेटर प्रवाह' असेही म्हणतात. याच काळात समुद्र खवळलेला असतो व मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा समुद्रात लोटण्याची कोळी समाजाची प्रथा या ऋतुचक्राशी जुळणारी आहे. मोसमी वारे परतल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वारा मंदावतो. हिवाळ्यात ईशान्येकडून मध्यम वारे वाहतात, तर फेब्रुवारी ते मे या काळात दुपारनंतरचे खारे वारे किनाऱ्यालगत जोर धरतात. पवनचक्क्यांची उभारणी व दुरुस्ती यांसाठी पावसाळ्याबाहेरचे महिनेच सोयीचे असतात.

दीर्घकालीन बदल

मोसमी वाऱ्यांचा जोर जमीन व समुद्र यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असतो. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे १ अंश सेल्सिअसने वाढले. समुद्र तापल्याने हा फरक कमी होतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने १९८० नंतर भारतातील पवन ऊर्जेच्या क्षमतेत झालेल्या घटीचा संबंध या तापमानवाढीशी जोडला. दुसरीकडे, मोसमी वायुप्रवाह उत्तरेकडे सरकण्याची शक्यता काही हवामान प्रारूपे दर्शवितात. तसे झाल्यास किनाऱ्याच्या सर्व भागांवर सारखाच परिणाम होणार नाही.

अलीकडील दोन दशकांत अरबी समुद्रातील चक्रीवादळेही वाढली आहेत. जून २०२० मधील 'निसर्ग' रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले, तर मे २०२१ मधील 'तौक्ते' कोकण किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले. वाऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे २५ मीटरपेक्षा अधिक झाल्यास पवनचक्की बंद ठेवावी लागते. त्यामुळे वादळी वारा वीजनिर्मितीला उपयोगी पडत नाही. उलट संरचनेला धोका निर्माण करतो.

राज्याच्या वीजव्यवस्थेतील महत्त्व

महाराष्ट्राची वीज मोठ्या प्रमाणावर विदर्भातील कोळशावर अवलंबून आहे. २,९२० मेगावॉट क्षमतेच्या चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राच्या परिसरातून भिवंडीजवळील पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटर लांबीची उच्चदाब एकदिश विद्युतवाहिनी जाते. तिची क्षमता १,५०० मेगावॉट आहे. पावसाळ्यात उघड्या कोळसा खाणींमध्ये पाणी साचते व ओल्या कोळशाची अडचण निर्माण होते; नेमक्या त्याच काळात सागरी वारा सर्वाधिक असतो. मात्र विजेची मागणी उन्हाळ्यात व ऑक्टोबरच्या उष्म्यात वाढते आणि ऑक्टोबरमध्ये हा वारा मंदावलेला असतो. त्यामुळे सागरी पवन ऊर्जा कोळशाची जागा एकट्याने घेऊ शकत नाही. पावसाळ्यात वाऱ्याची वीज वापरून कोयनेसारख्या धरणांतील पाणी पुढील महिन्यांच्या निर्मितीसाठी राखून ठेवणे, हा या तफावतीवरील एक संभाव्य उपाय आहे.