द्रावकाच्या बाटलीतले औषध

व्हॅल्प्रोइक आम्ल प्रथम तयार केले ते १८८२ साली, बेव्हर्ली बर्टन या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने. पुढची आठ दशके ते प्रयोगशाळेत इतर पदार्थ विरघळवण्यासाठीच वापरले जात होते. १९६२ मध्ये फ्रान्समध्ये पिएर एमार हे तरुण संशोधक खेलीन या वनस्पतिजन्य द्रव्यापासून बनवलेल्या संयुगांवर काम करत होते. ती पाण्यात विरघळेनात, म्हणून या आम्लात विरघळवून प्राण्यांना दिली गेली. आकडीच्या चाचणीत त्यांचा गुण दिसला; पण गुण संयुगांचा नव्हता, द्रावकाचा होता. १९६७ मध्ये ते फ्रान्समध्ये अपस्मारावरील औषध म्हणून मान्य झाले. आज भारताच्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीतही त्याचा समावेश आहे.

या औषधाचा दुसरा चेहरा २००१ मध्ये उघड झाला. पेशीतील डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. हिस्टोनला ॲसिटिल गट जोडले गेले की ही गुंडाळी सैल होते आणि जनुके वाचली जाऊ शकतात. ते गट काढून टाकणारी विकरे ती पुन्हा घट्ट करतात. व्हॅल्प्रोएट नेमके या विकरांना रोखते, असे अमेरिका आणि जर्मनीतील दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले.

मग प्रतिकारशक्तीची जनुके अधिक जोमाने बोलू लागायला हवीत. घडते उलटेच. २०११ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांना आढळले की या वर्गातील औषधे भक्षक पेशींमध्ये दमनकारी प्रथिनांचा एक संघ अधिक सक्रिय करतात आणि जीवाणूंची चाहूल लागल्यावर जागी होणारी जनुके गप्प राहतात. भक्षक पेशी जीवाणू कमी गिळतात, गिळलेले नीट मारतही नाहीत. क्लेब्सिएला जीवाणूच्या सौम्य संसर्गातही औषध दिलेले उंदीर अधिक संख्येने मेले. मात्र प्रतिकारशक्तीच बेफाम होऊन जीव घेते, त्या तीव्र जंतुदोषाच्या आघातात याच दमनाने उंदीर वाचले. एकाच गुणधर्माचा असा उलटसुलट परिणाम औषधशास्त्राला नवा नाही, तरी इतका स्वच्छ क्वचितच दिसतो.

क्षयाची गोष्ट निराळी. २०१५ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी कार्बामाझेपीन हे दुसरे आकडीरोधक तपासले. त्याने भक्षक पेशींतील इनोसिटॉल घटते, पेशीची अंतर्गत सफाई वेग घेते आणि आत दडलेले क्षयजंतू मारले जातात. बहुऔषधप्रतिरोधी क्षयाच्या उंदरांतही जंतूंची संख्या घटली.

हे सारे निष्कर्ष पेशींवरचे आणि उंदरांवरचे आहेत. त्यांच्या भीतीने आकडीचे औषध एकाएकी थांबवणे मात्र जिवावर बेतू शकते. रुग्णशय्येपाशी आजच भेडसावणारा प्रश्न वेगळा आहे. क्लेब्सिएलासारख्या चिवट संसर्गावर मेरोपेनेम सुरू केले, की रक्तातील व्हॅल्प्रोएटची पातळी एक-दोन दिवसांत कोसळते आणि आवरलेली आकडी परत येऊ शकते. क्षयावरील आयसोनियाझिडने कार्बामाझेपीनची पातळी उलट वाढते, कधी विषारी होण्याइतकी.