तलम रेघेची कुळकथा

फॅशनच्या मासिकाचं नाव असो की अत्तराचं लेबल, रोमन अक्षरात डौल हवा म्हटलं की डिझायनरसमोर दोन टाइपफेस हमखास येतात: दिदो आणि बोडोनी. जाड उभे दांडे, तलम आडव्या रेघा आणि टोकांना सपाट, बारीक सेरिफ, म्हणजे दांड्याच्या टोकाची छोटी आडवी रेघ. दोघांचं रूप सारखं, कारण कूळ एकच.

त्या कुळाचा मूळपुरुष बर्मिंगहॅमचा जॉन बास्करव्हिल. तो आधी सुलेखन शिकवायचा, त्यामुळे बारीक रेघेचं मोल जाणून होता. पण खरबरीत कागदावर तशी रेघ उमटेना. मग त्याने शाई अधिक काळी केली, गुळगुळीत कागद वापरला आणि छापलेली पानं तापलेल्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबली. १७५७ साली त्याने छापलेला रोमन कवी व्हर्जिलचा काव्यग्रंथ युरोपभरच्या मुद्रकांनी न्याहाळला.

पुढचं पाऊल पॅरिसमध्ये पडलं. मुद्रकांच्या दिदो घराण्यातल्या फिर्मँने १७८४ च्या सुमारास रेघ आणखी तलम केली आणि सेरिफ दांड्याला थेट काटकोनात भिडवला. तिकडे इटलीतल्या पार्मात जांबात्तिस्ता बोडोनी १७६८ पासून ड्यूकचा छापखाना सांभाळत होता. तोही याच वाटेने गेला, पण त्याच्या कित्येक खिळ्यांत, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांत, सेरिफच्या सांध्याला किंचित वळण राहिलं. त्याच्या अक्षरांचा मोठा नमुनाग्रंथ १८१८ साली, त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, पत्नी मार्गेरिताने प्रसिद्ध केला.

त्या काळी प्रत्येक आकाराच्या खिळ्यासाठी वेगळा पोलादी पंच कोरावा लागे. लहान अक्षर कोरताना कारागीर रेघ थोडी जाड ठेवी. पुढे एकच आराखडा हव्या त्या आकारात लहानमोठा करता येऊ लागला आणि लहान अक्षरांतली रेघ दिसेनाशी झाली. १९९० च्या दशकात ही चूक सुधारली: टाइप डिझायनर जोनाथन हॉफ्लरने 'हार्पर्स बझार' या फॅशन मासिकासाठी केलेला दिदो सात आकारांसाठी वेगवेगळा रेखाटला होता, तर १९९४ चा आयटीसी बोडोनी तीन आकारांसाठी.

म्हणून निवड करताना आधी अक्षराचा आकार ठरवा, मग कागद पाहा. मोठ्या मथळ्याला करारी, काटेकोर रेखीवपणा हवा तर दिदो घ्या. थोडा मऊपणा हवा तर मूळ खिळ्यांशी इमान राखणारा बोडोनी. मात्र मथळ्यासाठी रेखाटलेला टाइपफेस नऊ पॉइंटच्या मजकुराला लावू नका.