अमेरिकेतल्या मेडिकलमध्ये कूपन आणि रिवॉर्ड एकत्र कसे वापरायचे? सोप्या मराठीत संपूर्ण माहिती

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी मुलामुलींना पहिल्या महिन्यात एक गोष्ट हमखास चक्रावून टाकते, ती म्हणजे इथल्या मेडिकलची पावती. टूथपेस्ट आणि शाम्पू घेतला तरी मशीनमधून हातभर लांब कागद बाहेर येतो. त्यात बिल चार ओळींचं असतं, बाकी सगळी कूपन्स. बरेच जण तो कागद दारातल्या डब्यात टाकून मोकळे होतात. आता हीच कूपन्स दुकानाच्या ॲपमध्येही आली आहेत, पण ती कशी वापरायची हे कोणी नीट सांगत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि कॅलिफोर्नियात राहतो. मला हा सगळा प्रकार एखाद्या प्रोग्रॅमसारखा वाटतो. नियम ठरलेले आहेत. ते कळले की पैसे वाचतात, नाही कळले तर ॲप तुमच्याकडून जास्त खरेदी करून घेतं. तर चला, एकेक नियम बघूया.

ड्रगस्टोअर म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडचं मेडिकल आणि छोटं जनरल स्टोअर एकत्र केलं की अमेरिकेतलं ड्रगस्टोअर तयार होतं. मागच्या बाजूला डॉक्टरच्या चिठ्ठीची औषधं मिळतात. पुढे शाम्पू, साबण, सॅनिटरी पॅड, सर्दी-तापाच्या गोळ्या, चिप्स, दूध असं सगळं असतं. सीव्हीएस आणि वॉलग्रीन्स या दोन साखळ्या सगळ्यात मोठ्या.

इथे छापील किंमत बहुतेक वेळा मोठ्या सुपरमार्केटपेक्षा जास्त असते. म्हणजे कूपन न लावता घेतलं तर तुम्ही महागात घेताय. कूपन लावून घेतलं तर कधी स्वस्त पडतं, कधी फक्त बरोबरी होते. हा फरक शेवटपर्यंत लक्षात ठेवा.

मुख्य सूत्र: ही सूट कोणाच्या खिशातून येते?

एका वस्तूवर दोन-तीन सवलती एकदम कशा लागतात, असा प्रश्न पडतो. उत्तर सोपं आहे. प्रत्येक सवलतीचे पैसे वेगळा माणूस देत असतो.

१. आठवड्याची ऑफर: ही दुकानाची. साधारण रविवारी सुरू होते आणि शनिवारी संपते.

२. कंपनीचं कूपन: हे शाम्पू किंवा टूथपेस्ट बनवणाऱ्या कंपनीचं. दुकान तुम्हाला सूट देतं आणि नंतर ते पैसे कंपनीकडून वसूल करतं. ॲपमध्ये यावर 'मॅन्युफॅक्चरर कूपन' असं लिहिलेलं असतं.

३. दुकानाचं कूपन: उदा. 'केसांच्या वस्तू १५ डॉलरच्या घ्या, ३ डॉलर सूट'. हे पैसे दुकान स्वतः सोडतं.

४. दुकानाचे रिवॉर्ड: सीव्हीएसमध्ये यांना 'एक्स्ट्राबक्स' म्हणतात, वॉलग्रीन्समध्ये 'वॉलग्रीन्स कॅश'. आज खरेदी करा आणि पुढच्या खरेदीला वापरा, असा हा प्रकार.

५. कॅशबॅक ॲप: इबोटा, फेच वगैरे. बिल झाल्यावर पावतीचा फोटो टाकायचा, मग पैसे किंवा पॉइंट्स मिळतात. याचा दुकानाशी थेट संबंध नसतो.

आता नियम आपोआप कळतो. एका वस्तूवर कंपनीची दोन कूपन्स सहसा लागत नाहीत, कारण कंपनी एकाच बाटलीसाठी दोनदा पैसे देणार नाही. त्यामुळे कागदी कूपन आणि ॲपमधलं कूपन, दोन्ही कंपनीचीच असतील तर एकच लागतं. पण एक कंपनीचं, एक दुकानाचं आणि वर जुने रिवॉर्ड, ही तिन्ही एका बिलात चालतात. याच एकावर एक रचण्याला इथे 'स्टॅकिंग' म्हणतात.

कंपनीच्या छापील कूपनवर कोपऱ्यात बारीक अक्षरात 'रोख किंमत १/१०० सेंट' असं काहीतरी असतं. काही राज्यांच्या जुन्या कायद्यांमुळे ते छापावं लागतं. त्याचा तुमच्या सुटीशी संबंध नाही, तेव्हा गोंधळून जाऊ नका.

फोनवर काय करायचं?

– दुकानाचं ॲप टाका आणि मोफत सदस्यत्व घ्या. सीव्हीएसचं 'एक्स्ट्राकेअर' आणि वॉलग्रीन्सचं 'मायवॉलग्रीन्स' दोन्ही फुकट आहेत. दुकानात ओळख फोन नंबरवरून पटते, म्हणून इथला नंबर मिळाल्यावरच खातं उघडा.

– कूपन दिसलं म्हणजे लागलं असं नाही. प्रत्येकावर 'क्लिप' किंवा 'सेंड टू कार्ड' असं बटण असतं. ते बिल होण्याआधी दाबायला हवं.

– वस्तूचा आकार तपासा. कूपन १२ औंसच्या बाटलीवर असेल आणि तुम्ही ट्रायल साइज उचलली असेल तर ते लागणार नाही. ॲपमधल्या स्कॅनरने बारकोड स्कॅन केला की कोणती ऑफर लागू आहे ते तिथेच दिसतं.

– काउंटरवर पैसे देण्याआधी स्क्रीन बघा. एखादं कूपन लागलं नसेल तर तेव्हाच सांगा. कॅशिअर रागावत नाहीत, त्यांना सवय असते.

– रूममेटचा नंबर देऊन बिल करू नका. रिवॉर्ड त्याच्या खात्यात जातात. शिवाय बऱ्याच ऑफर एका खात्याला ठरावीक वेळाच मिळतात, म्हणजे त्याचीही संधी गेली.

एक उदाहरण सोडवून बघू

आकडे फक्त समजण्यापुरते आहेत. शाम्पूची बाटली ८ डॉलरला आहे आणि ऑफर अशी: दोन घेतल्या तर ४ डॉलरचे एक्स्ट्राबक्स.

– दोन बाटल्या: १६.०० डॉलर
– दुकानाचं कूपन: वजा ३.०० डॉलर
– कंपनीचं कूपन (दोन घेतल्यावर): वजा ४.०० डॉलर
– उरले: ९.०० डॉलर
– सेल्स टॅक्स: ०.९४ डॉलर
– खिशातून गेले: ९.९४ डॉलर
– पुढच्या वेळेसाठी मिळाले: ४.०० डॉलरचे एक्स्ट्राबक्स

इथे टॅक्सकडे नीट बघा. कॅलिफोर्नियात किमान दर ७.२५ टक्के आहे. ९ डॉलरवर तो ६५ सेंट व्हायला हवा होता, मग ९४ सेंट कसा? कारण दुकानाच्या कूपनमुळे विक्रीची किंमतच कमी होते, पण कंपनीच्या कूपनमुळे होत नाही. दुकानाला ते ४ डॉलर कंपनीकडून मिळणारच आहेत. त्यामुळे टॅक्स १३ डॉलरवर लागतो. म्हणजे 'पैसे कोण देतंय' हे सूत्र सरकारही वापरतं! राज्याप्रमाणे नियम बदलतात, पण बिल अपेक्षेपेक्षा थोडं जास्त आलं तर कारण बहुधा हेच असतं.

आता खरी परीक्षा. समजा, जवळच्या सुपरमार्केटमध्ये हीच बाटली कूपनशिवाय ५ डॉलरला मिळते. दोन बाटल्यांचे टॅक्ससकट १०.७३ डॉलर होतील. म्हणजे एवढं सगळं करून आज तुमचे वाचले फक्त ७९ सेंट. उरलेली सगळी बचत त्या ४ डॉलरच्या एक्स्ट्राबक्समध्ये अडकलेली आहे. ते वापरले तर सौदा छान झाला. मुदत संपली तर एवढी धावपळ ७९ सेंटसाठी झाली. आणि तुम्हाला एकच बाटली हवी असेल तर? सुपरमार्केटमध्ये ५.३६ डॉलरमध्ये काम झालं असतं.

म्हणून मी दोन आकडे वेगळे ठेवतो: आज खिशातून किती गेले आणि उद्यासाठी किती मिळाले. ॲप हे दोन्ही एकत्र करून 'तुम्ही एवढे वाचवले' असा मोठा आकडा दाखवतं, आणि तोही दुकानाच्या चढ्या किमतीशी तुलना करून. त्यावर जाऊ नका.

रिवॉर्डचे नियम: इथेच पैसे जातात

– ज्या बिलात रिवॉर्ड मिळाले त्याच बिलात ते वापरता येत नाहीत. म्हणून अनुभवी लोक खरेदीची दोन बिलं करतात. पहिल्यात मिळालेले रिवॉर्ड दुसऱ्यात वापरतात.

– रिवॉर्डला मुदत असते. मिळाले त्याच दिवशी फोनच्या कॅलेंडरमध्ये तारीख टाकून ठेवा.

– एक्स्ट्राबक्सची रक्कम बिलापेक्षा जास्त असेल तर वरचे पैसे परत मिळत नाहीत. ५ डॉलरचं कूपन ३ डॉलरच्या वस्तूवर वाया घालवू नका.

– चिठ्ठीची औषधं, दारू, तंबाखू, गिफ्ट कार्ड अशा गोष्टींवर रिवॉर्ड सहसा चालत नाहीत.

– सीव्हीएसचं 'एक्स्ट्राकेअर प्लस' हे पैसे भरून घ्यायचं सदस्यत्व आहे. महिन्याला ५ डॉलर भरले की १० डॉलरचं बक्षीस मिळतं. कागदावर हा ५ डॉलरचा फायदा आहे. पण त्यासाठी दर महिन्याला दुकानात जाऊन ते वापरावं लागतं. एखाद्या महिन्यात विसरलात तर त्या महिन्याचा फायदा संपला.

रिवॉर्ड म्हणजे पैसे नव्हेत. ते दुकानाने दिलेलं वचन आहे, आणि दुकान राहिलं तरच ते पाळलं जातं. राइट एड ही १९६२ साली सुरू झालेली मोठी साखळी. २०२३ मध्ये आणि पुन्हा मे २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळी दुकानं बंद झाली. गिफ्ट कार्ड घेणं तर त्याआधीच थांबलं होतं. म्हणून पॉइंट्स 'साठवत' बसू नका. आले की वापरा.

औषधांच्या बाबतीत वेगळा विचार करा

शाम्पू दोन घेतले तर एक कपाटात राहतो, नुकसान काही नाही. औषधांचं तसं नाही.

पहिली गोष्ट, नाव बघा. आपल्या पॅरासिटामॉलला इथे 'असिटामिनोफेन' म्हणतात आणि त्याचा प्रसिद्ध ब्रँड टायलेनॉल. शेजारीच दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडची, तेच औषध तेवढ्याच प्रमाणात असलेली बाटली असते. ब्रँडवर कूपन लावूनही ही बाटली बऱ्याचदा स्वस्त पडते. वॉलग्रीन्समध्ये तर त्यांच्या स्वतःच्या ब्रँडवर ५ टक्के रिवॉर्ड देतात, बाकी वस्तूंवर १ टक्का.

दुसरी गोष्ट, 'दोन घ्या' ऑफरमध्ये टायलेनॉल आणि नायक्विलसारखं सर्दीचं औषध एकत्र घेतलं तर दोन्हींत असिटामिनोफेन असतं. मोठ्या माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४,००० मिलिग्रॅम आहे. त्यापुढे यकृताला धोका असतो. दोन्ही बाटल्यांचं लेबल वाचल्याशिवाय सोबत घेऊ नका. शंका असेल तर मागे फार्मासिस्ट असतात, त्यांना विचारायला पैसे लागत नाहीत.

तिसरी गोष्ट, चिठ्ठीच्या औषधांसाठी गुडआरएक्ससारखी ॲप्स कूपन देतात. हे कूपन इन्शुरन्सच्या वर लागत नाही, इन्शुरन्सच्या ऐवजी लागतं. काउंटरवर दोन्ही किमती विचारा आणि कमी असेल ती घ्या.

नोकरी करणाऱ्यांसाठी आणखी एक थर आहे. कंपनीकडून एफएसए किंवा एचएसए खातं मिळत असेल तर त्यातले पैसे आयकर न लागलेले असतात. २०२० च्या केअर्स कायद्यापासून चिठ्ठीशिवायची औषधं आणि सॅनिटरी पॅडही या खात्यातून घेता येतात. कूपन लावून उरलेलं बिल या कार्डाने भरा.

या सगळ्याची किंमत काय?

तुमचा डेटा. कोण कधी तापाच्या गोळ्या घेतं, कोण प्रेग्नन्सी टेस्ट घेतं, हे सगळं तुमच्या फोन नंबराखाली साठत जातं. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने गुडआरएक्सवर कारवाई केली. ग्राहकांची आरोग्याची माहिती त्यांना न सांगता फेसबुक, गूगल यांसारख्या कंपन्यांना दिल्याचा आरोप होता. कंपनीने आरोप मान्य न करता १५ लाख डॉलर दंड भरला. माझं म्हणणं एवढंच, की ॲपला लोकेशन 'वापरताना' एवढंच द्या, जाहिरातींचं ट्रॅकिंग बंद ठेवा, आणि एखादी गोष्ट खाजगी ठेवायची असेल तर नंबर न सांगता रोख पैसे द्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*वस्तू परत केली तर?* त्या वस्तूमुळे मिळालेले रिवॉर्ड दुकान वळते करून घेऊ शकतं. पावती जपून ठेवा.

*भारतात असं करता येतं का?* कंपनीचं आणि दुकानाचं कूपन ही जोडी आपल्याकडे फारशी दिसत नाही. पण औषधांच्या ॲपवर थर असतातच: कूपन कोड, ॲपची नाणी किंवा क्रेडिट, आणि बँकेची ऑफर. टाटा वनएमजीवर न्यूकॉइन असतात, एक कॉइन म्हणजे एक रुपया. सूत्र तेच, पैसे कोण देतंय ते बघा. आणि डिलिव्हरी चार्ज धरूनच हिशोब करा. रोजच्या गोळ्या असतील तर त्याच घटकाचं जेनेरिक औषध जनऔषधी केंद्रात मिळतं का, ते डॉक्टरांना विचारा. ती सरकारच्या म्हणण्यानुसार ५० ते ८० टक्के स्वस्त असतात, त्यापुढे कूपन काहीच नाही.

*किती वेळ द्यावा?* आठवड्यातून दहा मिनिटं. आधी यादी करा, मग ॲप उघडा. यादीत आहे त्यावर कूपन शोधलं तर बचत होते. कूपन बघून यादी केली तर ती दुकानाची विक्री होते.