व्हेनिस ते पादुआ: एका पुलाची कथा

व्हेनिसहून पादुआला आज आगगाडीने अर्ध्या तासात पोहोचता येते. सकाळी जाऊन जोत्तोची भित्तिचित्रे पाहावीत आणि सायंकाळी परतावे. १८४६ पूर्वी मात्र या नगरीला जमिनीवरची वाटच नव्हती. पादुआचा प्रवासी ‘बुर्किएल्लो’ नावाच्या नावेतून खाजण ओलांडी. पुढे ब्रेंता नदीत काठावरून चालणारे घोडे ती नाव दोराने ओढत. शहरातही तीच तऱ्हा. ग्रँड कॅनॉलवर १८५४ पर्यंत रिआल्तो हा एकच पूल. एरवी पैलतीरी जायचे तर होडी.

पण ही गैरसोय हीच व्हेनिसची तटबंदी होती! १८४६ मध्ये, ऑस्ट्रियाच्या अमलात, खाजणावर २२२ कमानींचा रेल्वेपूल उभा राहिला. दोनच वर्षांनी शहराने बंड केले आणि १८४९ मध्ये ऑस्ट्रियन फौजेने वेढा आवळला, तेव्हा रक्षकांनी आपल्याच हातांनी त्यातील काही कमानी उडवून दिल्या. उपासमार, पटकी आणि तोफांचा मारा यांपुढे ऑगस्टमध्ये नगरी अखेर शरण गेली.

कमानी पुन्हा बांधल्या गेल्या. शेजारचा मोटारींचा पूल १९३३ चा. मुसोलिनीच्या राजवटीने त्याला ‘लित्तोरिओ’ हे फॅसिस्ट नाव दिले होते. महायुद्धानंतर तो ‘स्वातंत्र्याचा पूल’ झाला.