फीडचा रतीब

आधीच सांगून टाकतो, या लेखातल्या आरएसएसचा नागपूरशी काही संबंध नाही. हा आरएसएस म्हणजे साध्या मजकुराची एक फाईल. वेबसाइटवर काही नवं आलं की त्याची नोंद या फाईलमध्ये होते: मथळा, लिंक, थोडक्यात सारांश, तारीख आणि त्या नोंदीची एक स्वतंत्र ओळख. बस्स. तुमच्या फोनमधलं रीडर ॲप ठरावीक वेळाने जाऊन ती फाईल आणतं, मागच्या वेळी काय काय पाहिलं होतं ते तपासतं आणि जे नवं असेल तेवढंच तुमच्यापुढे ठेवतं.

मी पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. माझी कामं चार ठिकाणी विखुरलेली असतात. तिकिटं एकीकडे, कोड तपासून देण्याच्या विनंत्या दुसरीकडे, रात्री बिल्ड फुटलं का ते तिसरीकडे आणि आम्ही वापरतो त्या लायब्रऱ्यांच्या नव्या आवृत्त्या चौथीकडे. हे सगळं मी फीड म्हणून एकाच रीडरमध्ये आणतो आणि दिवसातून दोनदा उघडून बघतो. ऑफिसात कोणी पाहिलं की प्रश्न ठरलेला: "हे अजून जिवंत आहे?"

आहे. आणि ते का जगलं, तरी दिसेनासं का झालं, हा इतिहास तंत्रज्ञानाचा कमी आणि आपल्या कामाची यादी कोणाच्या ताब्यात असावी याचा जास्त आहे.

सुरुवात मार्च १९९९ ची. नेटस्केप कंपनीला आपल्या वाचकांना 'माय नेटस्केप' नावाचं पान द्यायचं होतं. वेगवेगळ्या वेबसाइटच्या बातम्यांचे चौकोन तिथे आपल्या आवडीने मांडायचे, अशी कल्पना. त्यासाठी रामनाथन गुहा आणि डॅन लिबी यांनी एक फॉरमॅट तयार केला. गुहा मूळचे मद्रास आयआयटीचे. पहिलं नाव 'आरडीएफ साइट समरी'. जुलैमध्ये लिबीने तो सोपा करून ०.९१ ही आवृत्ती काढली, तेव्हा नाव झालं 'रिच साइट समरी'. तोवर नेटस्केप एओएलच्या हातात गेली होती आणि या फाईलमधला तिचा रस आटत गेला.

मग ती उचलली डेव्ह वायनर या प्रोग्रामरने. त्याचं म्हणणं, फॉरमॅट इतका साधा हवा की कोणालाही हाताने लिहिता यावा. दुसऱ्या गटाला गुहांची मूळची, जास्त अर्थ वाहून नेणारी रचना हवी होती. डिसेंबर २००० मध्ये दोन्ही बाजूंनी आपापली आवृत्ती काढली. त्या दुसऱ्या गटात आरन स्वार्ट्झ नावाचा एक मुलगा होता. वय वर्षं १४. सप्टेंबर २००२ मध्ये वायनरने २.० आणली आणि त्याच तीन अक्षरांना तिसरा अर्थ दिला: 'रिअली सिंपल सिंडिकेशन'. या भांडणाला कंटाळलेल्यांनी 'ॲटम' नावाचा वेगळाच फॉरमॅट काढला, तो डिसेंबर २००५ मध्ये अधिकृत मानक झाला. आज रीडर ॲप हे सगळे फॉरमॅट वाचतं, त्यामुळे आपल्याला त्या भांडणाची झळ लागत नाही.

या फॉरमॅटमधली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. त्यात 'स्किपडेज' आणि 'स्किपअवर्स' असे दोन टॅग आहेत. म्हणजे फाईल स्वतःच सांगू शकते की रविवारी येऊ नकोस, किंवा अमुक तासांत येऊ नकोस, तेव्हा नवं काही नसतं. हेतू सर्व्हरवरचा भार वाचवण्याचा. पण आज रविवारी रात्री अकरा वाजता वाजणारा फोन बघताना हे टॅग वेगळेच वाटतात.

त्याच सुमारास दुसरीकडे कामं उरकण्याचं एक शास्त्र रुजत होतं. डेव्हिड ॲलनचं 'गेटिंग थिंग्ज डन' २००१ मध्ये आलं. त्याचा गाभा असा की कामं डोक्यात साठवू नका. सगळी एका ठिकाणी ओता, मग प्रत्येकाचं पुढचं पाऊल ठरवा. मर्लिन मान या लेखकाने २००४ मध्ये याच विचारावर '४३ फोल्डर्स' सुरू केलं आणि 'इनबॉक्स झीरो' हा शब्द लोकप्रिय केला. प्रोग्रामरना हे शास्त्र लगेच पटलं, कारण त्यांच्याकडे ओतायचं भांडं तयारच होतं. 'ट्रॅक' किंवा 'बगझिला'सारखी बग नोंदवायची सॉफ्टवेअर कामांच्या यादीचं फीड देऊ लागली होती. 'माझ्या नावावरचे उघडे बग' असा शोध लावायचा, त्याचं फीड रीडरमध्ये टाकायचं, की कामांची यादी तुमच्याकडे चालत येणार.

ऑक्टोबर २००५ मध्ये गूगल रीडर आला आणि फीड वाचणं बऱ्याच लोकांच्या सवयीचं झालं. पण त्याचा चेहरामोहरा ईमेलसारखा होता. न वाचलेलं ठळक अक्षरांत आणि बाजूला आकडा. तो आकडा शेवटी १०००+ वर जाऊन थांबायचा. मित्रांनी लिहिलेल्या गमतीजमतीही थकलेल्या कामासारख्या दिसू लागल्या. वायनर याच्या विरोधात होता. बातम्या नदीसारख्या वाहाव्यात, आकडा नकोच, जे नजरेखालून गेलं ते गेलं, असं तो सांगत राहिला.

मला वाटतं दोन्ही बाजू बरोबर होत्या, फक्त वेगवेगळ्या गोष्टींबद्दल. जिथे माझा हात लागल्याशिवाय पुढे सरकत नाही, त्या तिकिटाला आकडा हवाच. जे माझ्याशिवायही घडतं, त्याची नदीच बरी. मी रीडरमध्ये दोन फोल्डर ठेवतो. पहिलं रोज रिकामं करतो, दुसरं न वाचता पुसायला मागेपुढे बघत नाही.

पण हा वाद मिटायच्या आतच वारं फिरलं. सप्टेंबर २००६ मध्ये फेसबुकने 'न्यूज फीड' आणलं. शब्द तोच, अर्थ उलटा. जून २००९ मध्ये ॲपलने आयफोनवर इतर कंपन्यांच्या ॲपना पुश नोटिफिकेशनची दारं उघडली. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद झाला. वापर घटला, असं कारण कंपनीने दिलं.

आपल्याकडे रतीब हा शब्द आहे. दुधाचा, पेपरचा. रतीब मी लावतो. किती आणि कधी ते मी ठरवतो आणि गावाला जाताना बंद करतो. आरएसएस तर त्याच्याही पुढे. इथे गवळी दारात येतच नाही, आपलाच माणूस किटली घेऊन गोठ्यावर जातो. गवळ्याला माझी सही, फोन नंबर, आवडनिवड काही लागत नाही. नव्या फीडमध्ये मात्र भांडं माझं आणि वाढणारा दुसरा. क्रमही त्याचाच, आणि 'पुरे' म्हणायची सोय नाही.

ऑफिसच्या ॲपनीही हेच उचललं. कोणी नुसता अंगठा दाखवला तरी टकटक, आणि ग्राहकाचं काम अडलं तरी तशीच टकटक. कामाचा क्रम मग सगळ्यात शेवटी कोण बोललं त्यावर ठरतो. मला दोनदा उघडायची यादी आवडते ती यासाठी. तिला शेवट असतो. शेवटापर्यंत गेलं की ती संपते आणि काम सुरू होतं.

अर्थात फीड सगळ्याला पुरत नाही. सर्व्हर कोसळला तर फोनच यायला हवा, तासाभराने येणारी नोंद काय कामाची? फीडमध्ये 'वाचलं' केल्याने तिकीट बंद होत नाही, त्यासाठी मूळ जागी जावंच लागतं. आणि खासगी कामांच्या फीडच्या पत्त्यातच अनेकदा गुप्त किल्ली असते. तो पत्ता ज्याच्या हाती लागेल त्याला तुमची यादी दिसेल. म्हणून असं फीड ऑनलाइन सेवेत न टाकता आपल्याच मशीनवरच्या रीडरमध्ये ठेवावं.

बाकी, 'मेलं' म्हणतात ते फीड तुम्ही कदाचित आज सकाळीच वापरलं असेल. पॉडकास्ट त्याच्यावरच चालतात. आवाजाची फाईल जोडायचा 'एन्क्लोजर' टॅग वायनरच्या डिसेंबर २००० च्या आवृत्तीतला आहे. गिटहबवर कोणत्याही सार्वजनिक प्रोजेक्टच्या 'रिलीजेस' पानाच्या पत्त्यापुढे '.ॲटम' असं इंग्रजीत जोडलं की फीड मिळतं. उद्या करून बघा. एक फीड लावा आणि त्या ॲपचं नोटिफिकेशन बंद करा. आठवड्याने नको वाटलं तर रतीब बंद करायला कोणाला विचारावं लागणार नाही.