कुंडलिकेचे पाणी आणि खाडीची साक्ष

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे गाव मराठी वाचकाला विनोबांचे जन्मगाव म्हणून (११ सप्टेंबर १८९५) ठाऊक असते. १९५१ साली पोचमपल्लीला सुरू झालेल्या भूदानात त्यांनी जमीन मागितली. जमीन मागता येते, कारण तिला मालक असतो, सातबारा असतो. पेण आणि रोहे या शेजारच्या तालुक्यांतील पाणी ज्या खाड्यांना जाऊन मिळते, त्या खाड्यांना मात्र मालक नाही. तेथे पिढ्यान्‌पिढ्या पाग टाकणाऱ्याच्या नावावर काही नाही. म्हणून त्याचे काही गेले तर गेल्याची नोंदही नाही. खाडीच्या प्रदूषणाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याची पहिली अडचण आम्हांला हीच वाटते.

उदाहरण कुंडलिकेचे घेऊ. या नदीचे आजचे पाणी पुष्कळसे तिचे नव्हेच. मुळशीला टाटांचे धरण झाले, त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट त्यात होते, आणि तो हरला. पूर्वेकडे भीमेच्या वाटेने जाणारे पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात आले आणि तेथून कुंडलिकेत पडू लागले. हे केंद्र १९२७ साली सुरू झाले. मावळ्यांच्या बुडालेल्या शेतांवरून आलेल्या या पाण्याने एका कोकणी नदीला उन्हाळ्यातही वाहते ठेवले, आणि बारमाही पाणी हा कारखान्यांच्या दृष्टीने मोठाच गुण. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे रोह्याजवळ धाटावला रासायनिक कारखान्यांची वसाहत उभी राहिली. सत्याग्रहाच्या इतिहासात मुळशी येते, उद्योगांच्या इतिहासात धाटाव येते. दोहोंना जोडणारी नदी बहुधा कोणाच्याच इतिहासात येत नाही.

रोह्याच्या खाली नदीची खाडी होते आणि रेवदंड्याला समुद्राला मिळते. येथील पाणी दिवसातून दोनदा मागे फिरते. ओहोटीला खाली गेलेले सांडपाणी भरतीबरोबर पुन्हा वर येते. समुद्रात ‘वाहून जाईल’ ही समजूत खाडीत तितकीशी खरी ठरत नाही. सेंद्रिय सांडपाणी कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. मासळीच्या पाण्यात लिटरला निदान ४ मिलिग्रॅम प्राणवायू असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. फिनॉलजातीच्या द्रव्यांची गोष्ट निराळी. ती मासा मारण्याइतकी नसतानाही त्याच्या मांसाला वास लावतात. मासा जिवंत, जाळ्यात आलेला, वजनाला पुरा. आणि तरी विकला न जाणारा. कोळणीच्या टोपलीपुढे गिऱ्हाईक आधी हुंगते, मग विचारते, ‘खाडीची की समुद्राची?’ जिताडा हा या जिल्ह्याचा मानाचा मासा, पाहुण्याला भेट म्हणून द्यायचा. त्याच्याविषयी असा प्रश्न विचारला जावा, यात केवळ बाजारभाव पडलेला नसतो.

कायदे नव्हते असे नाही. महाराष्ट्राचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९६९चा, मंडळ १९७०चे, म्हणजे केंद्राच्या १९७४च्या कायद्याच्याही आधीचे. तरीही २०१८च्या केंद्रीय यादीत देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५३ महाराष्ट्रात होते, आणि कुंडलिकेचे नाव त्यांत होते. कागदोपत्री पाणी असते ते नमुन्याच्या बाटलीतले, ठरल्या ठिकाणचे, ठरल्या वेळचे. निवट्या आणि चिंबोऱ्या धरणारी, कालवे फोडणारी बाई तेच पाणी बारा महिने पायांनी ओळखते. तिच्या ओळखीला तक्त्यात रकाना नाही. बंदरावर उतरणारी मासळी मोजली जाते, चिखलातून वेचून घरी शिजलेली कोणी मोजत नाही. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न नवा नसावा: पुरावा नाही म्हणजे घटना नाही, असे मानायचे का?

जपानमधल्या मिनामाताला याचे उत्तर फार महाग पडले. पाऱ्याने झालेला तो आजार १९५६ साली उघडकीस आला. १९५९ साली कारखान्याच्याच डॉक्टराने सांडपाणी घातलेले अन्न मांजराला देऊन तोच आजार पाहिला. कंपनीने ते दडवले, शुद्धीकरणाचे यंत्र थाटात बसवले (पारा काढण्याचे काम त्याचे नव्हतेच) आणि त्याच वर्षअखेर रुग्णांशी ‘सहानुभूतीच्या’ रकमेचा करार केला, पुढे काही मागणार नाही या अटीवर. सरकारने कारण मान्य केले ते १९६८ साली. न्यायालयाने १९७३ साली तो करार रद्दबातल ठरवला. एकदा असे घडले की नंतरचा खरा अहवालही लोक खोटा मानतात, आणि आम्हांला त्यांना दोष देता येत नाही. कुंडलिका म्हणजे मिनामाता, असे आमचे म्हणणे नाही. तसे म्हणणे दोन्ही ठिकाणच्या माणसांवर अन्याय होईल. साम्य आहे ते साक्ष कोणाची धरायची, एवढ्यापुरते.

आमच्याच जिल्ह्यात एकदा ती धरली गेली. २७ फेब्रुवारी २०१५ला राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने उरण परिसरातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ते प्रकरण रसायनांचे नव्हते; बंदराच्या भरावाने भरतीचे पाणी अडल्याचे, तिवरे गेल्याचे आणि मासेमारीच्या वाटा बंद झाल्याचे होते. कुटुंबे मात्र तशीच होती, ज्यांच्या नावावर खाडीचा सातबारा कधीच नव्हता.